आमच्या पिचरचा दाखवण्याचा कार्यक्रम

माझ्या नवऱ्याला 'नाही' म्हणता येत नाही. ऑफिसात कुणी म्हणालं, शनिवारी येशील का, की हा 'हो'. मंडळाच्या गणपतीत कुणी म्हणालं, खुर्च्या लावशील का, की हा 'हो'. उद्या कुणी रस्त्यात थांबवून याची किडनी मागितली, तर हा विचारेल, "डावी देऊ की उजवी?" त्यामुळे दोन हजार पाचच्या एप्रिलमध्ये तो एका साडेसहा फुटी गोऱ्या पोराला घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. नुसता राग आला.

"सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे राहील," नवरा म्हणाला. "वरची खोली रिकामीच आहे ना."

खोली रिकामी होती, मी नव्हते. सासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. त्यांचा चहा, त्यांचा काढा, त्यांचं दुपारचं ताक. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! माझा व्हिसा असा की मला नोकरी करायला बंदी होती. रागवायला नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन डबे जोरजोरात ठेवले. अमेरिकेत आवाज न चढवता भांडायचं तर डबेच कामी येतात.

नंतर नवऱ्यानं सगळं समजावून सांगितलं. आपल्या देशी लोकांनी गजबजलेल्या एडिसनपासून खाली पाऊण तासावर आम्ही घर घेतलं होतं, आणि तिथून जवळच बेसबॉलचं एक लहानसं स्टेडियम होतं. मोठ्या संघांच्या हाताखाली असे धाकटे संघ असतात, पायरीपायरीनं. पोरं खालच्या पायरीवर सुरुवात करतात. चांगली निघाली तर वर चढवतात, नाहीतर घरी पाठवतात. खालच्या पायरीवर पगार म्हणजे निव्वळ नावाला, म्हणून गावातली कुटुंबं सीझनभर एकेका खेळाडूला घरात ठेवून घेतात. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका बाईंनी सहज विचारलं होतं, कुणाकडे खोली आहे का. पुढचं सांगायलाच नको.

"आणि सगळ्या मॅचची तिकिटं आपल्याला फुकट," नवरा म्हणाला.

"फुकट ते पौष्टिक," सोफ्यावरून बाबा म्हणाले. बाबा म्हणजे माझे सासरे. तिथंच निकाल लागला.

पोरगा वीस वर्षांचा, मक्याच्या शेतांच्या कुठल्याशा राज्यातला. संघात तो पिचर होता, म्हणजे आपल्याकडचा बोलर समजा. दारातून आत येताना वाकायचा आणि प्रत्येक वाक्याला 'मॅम' लावायचा. पहिल्याच संध्याकाळी माझ्या हातच्या सात पोळ्या खाऊन त्यानं विचारलं, "मॅम, अजून आहेत का?" अशा माणसावर फार वेळ राग धरता येत नाही. दोन दिवसांत तो सासऱ्यांना 'बाबा' म्हणायला लागला, कारण घरात सगळे तेच म्हणत होते.

बाबा तरुणपणी पुण्यात बँकेच्या संघातून ऑफस्पिन टाकायचे. क्रिकेट सोडून बाकी सगळे खेळ त्यांच्या लेखी लग्नातल्या करवल्यांसारखे, असले काय, नसले काय. पहिली मॅच बघायला आम्ही गेलो तर पाच मिनिटांत म्हणाले, "टप्पाच नाही? म्हणजे सगळे फुलटॉसच की!" मग त्यांच्या लक्षात आलं की चेंडू सोडताना पोरगा कोपर वाकवतोय. बाबा उठून उभे राहिले आणि आडवा हात पसरून नो-बॉलची खूण केली. मागच्या रांगेतल्या हॉट डॉग खाणाऱ्या माणसानं त्यांना खाली बसायला सांगितलं. बाबांनी त्याला बँकेच्या इंग्रजीत नियम ऐकवला. मी दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखी लांब बघत बसले.

पण चार मॅचमध्ये म्हातारा पुरता नादावला. घरी आल्यावर त्यांचं परीक्षण सुरू व्हायचं, आणि खोटं कशाला बोलू, ते बरोबर असायचं. पोराकडे तीन चेंडू होते. एक नुसता वेगाचा. तो इतका जोरात जायचा की कुंपणामागे वेग मोजायची बंदूक घेऊन बसणारे लोक एकमेकांकडे बघायचे. दुसरा वळून खाली पडणारा, तो बरा होता. तिसरा हळू. हात वेगानंच फिरवायचा पण चेंडू उशिरा पोचवायचा आणि बॅटरला फसवायचं. तिथं आमच्या पोराची बोंब होती. हळू टाकायचा म्हटलं की त्याचा हातच हळू यायचा, आणि बॅटर चेंडू पार्किंगमध्ये पाठवायचा.

"लबाडी करायची तर चेहऱ्यावर दिसता कामा नये," बाबा त्याला मागच्या अंगणात सांगायचे. हे बँकेत मॅनेजर म्हणून काढलेल्या वर्षांचं सार असावं.

याचं हे दुसरं वर्ष होतं आणि तरी पायरी तीच. एका रविवारी वरणभात कालवता कालवता त्यानं स्वतःच सांगितलं, "मॅम, ऑगस्टमध्ये मोठ्या संघाच्या ऑफिसातून माणूस येतो. तो ठरवतो. या वेळी वर नाही गेलो तर मला सोडून देतील. मग घरी, वडिलांबरोबर मक्यात." मक्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. फक्त सांगताना त्यानं घास खाली ठेवला, आणि त्यानं घास खाली ठेवलेला मी पहिल्यांदा पाहिला.

खरी अडचण तिसऱ्या चेंडूची नव्हती, डोक्याची होती. जून लागला आणि एका मॅचमध्ये त्याला असा काही मार बसला की विचारू नका. घरी आला, काही न बोलता हॉलमध्ये गेला, आणि मी स्वयंपाकघरात असताना 'धाड्' असा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर भिंतीला नारळ जाईल एवढं भोक! इथल्या भिंती म्हणजे पुठ्ठ्याच्या. आपल्याकडच्या भिंतीवर बुक्की मारली असती तर हात गेला असता आणि डोक्यात अक्कल आली असती.

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "मेल्या, तुझ्या बापाची आहे का भिंत? अजून वीस-बावीस वर्षं हप्ते फेडायचेत तिचे!" सगळं मराठीत. त्याला एक अक्षर कळलं नाही, आणि सगळं कळलं. तो जमिनीवर बसून रडायला लागला. एवढा मोठा माणूस एवढ्याशा जागेत कसा मावला कुणास ठाऊक. मी त्याला पाणी दिलं, मग वाढलं. नंतर मंडळाकडून मिळालेलं मराठी कॅलेंडर त्या भोकावर टांगून टाकलं. पाहुणे एकादशी बघायला जवळ गेले तरी त्यांना काही दिसायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी त्याला शांत राहायची शिकवणी सुरू केली. मार बसला की टोपी काढायची, घाम पुसायचा, लांब श्वास घ्यायचा, टोपी घालायची. तोंडावरची सुरकुतीसुद्धा हलता कामा नये. पोरगा शब्दाचा पक्का. जुलैपर्यंत तो मैदानाच्या मधोमध त्या मातीच्या उंचवट्यावर असा उभा राहायला लागला की चौकातला पुतळा बरा. बळी मिळाला तरी तोच चेहरा, चेंडू पार्किंगमध्ये गेला तरी तोच. आणि खेळ सुधारला हो! तिसरा चेंडूसुद्धा फसवायला लागला. बाबा इतके फुगले की मी त्यांच्या ताकात साखर घालणं बंद केलं.

ऑगस्टमध्ये मोठ्या ऑफिसातला माणूस आला. दोन मॅच त्यानं कुंपणामागे बसून पाहिल्या आणि मग आमच्या घरी फोन केला. पोरगा जिथं राहतो तिथल्या लोकांशी बोलायचं आहे, तो घरी कसा वागतो, कसा झोपतो, काय खातो, हे विचारायचं आहे. फोन नवऱ्यानं घेतला. नवरा काय म्हणाला ते तुम्हाला माहीत आहे.

"अगं, म्हणजे हे लोक मुलगा बघायला येतायत!" बाबा म्हणाले.

मला ही कल्पना फार आवडली. इतकी, की मी ठरवलं, होऊनच जाऊ दे. घर झाडून-पुसून लख्ख केलं. सोफ्यावर नवीन चादर टाकली. पोराला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. आणि कांदेपोहे केले, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. पोराला बजावलं, "हाक मारली की ट्रे घेऊन बाहेर यायचं. खाली बघत यायचं."

"का, मॅम?"

"आमच्याकडे पद्धत आहे."

तो बिचारा आरशासमोर खाली बघत चालायची प्रॅक्टिस करायला गेला. मी ओट्याला टेकून पोट धरधरून हसले.

पण हसता हसता मला माझा कार्यक्रम आठवला. आठ वर्षांपूर्वी, नागपुरात. आधीच्या सगळ्या स्थळांनी पोहे खाऊन 'कळवतो' म्हटलं होतं. 'कळवतो' म्हणजे नाही, हे मला तोवर तोंडपाठ झालं होतं. मग पुण्याहून हे लोक आले. नवरा मुलगा सगळ्याला मान डोलवत होता, बोलत होते फक्त बाबा. शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला, आणि मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "राग येतो का?" आईनं आधीच पढवलं होतं. मी म्हणाले, "नाही." आमच्या घरचे सगळे पंख्याकडे बघायला लागले, कारण त्याच सकाळी मी दूधवाल्याला जिन्यावरून खाली पिटाळलं होतं.

आता तेच बाबा सकाळपासून हॉलमध्ये येरझारा घालत होते. शर्टाची बटणं खालीवर लावलेली, कपाळाला घाम. "सूनबाई, पोह्यात मीठ बघितलंस ना? त्यांना तिखट चालेल ना? आपण जास्त तर बोलत नाही ना?" मुलीच्या बापाचे सगळे भाव चेहऱ्यावर! मी मनात म्हटलं, भोगा आता.

माणूस आला. जाडजूड, उन्हानं मान भाजलेली, हातात पेन आणि कार्ड. सोफ्यावर बसला तर सोफा कण्हला. मी हाक मारली. पोरगा ट्रे घेऊन बाहेर आला, खाली बघत, आणि डोकं दिव्याला आपटलं. पोहे वाचले. माणसानं बशीकडे बघितलं, पोराकडे बघितलं, आणि शेंगदाणे निवडून खायला लागला.

मग प्रश्न. पोरगा झोपतो कधी? "दिवेलागणीला," बाबा म्हणाले, जे साफ खोटं होतं. दारू? "शिव शिव!" मित्र? "सगळे चांगल्या घरचे." खातो काय? "सगळं," मी म्हणाले, हे एकच खरं. त्यानं पोराचे बूट बघितले, मनगट बघितलं, वडील किती उंच आहेत ते विचारलं. खांदे अजून भरतील का, याचा अंदाज घेत होता. मला इतकं ओळखीचं वाटत होतं, की तो आता पोराला सुईत दोरा ओवायला लावतोय की काय असं वाटलं.

आणि मग त्यानं विचारलंच. "याला राग येतो का? वाईट दिवस गेला की घरी काय करतो?"

"राग?" बाबा दोन्ही हात हलवत म्हणाले. "नेव्हर! अतिशय शांत मुलगा. हरला काय, जिंकला काय, त्याला काही फरक पडत नाही."

"गरीब गाय आहे हो," मी इंग्रजीतून सांगितलं. कॅलेंडर माझ्या पाठीमागेच होतं. मी थोडी सरकून नीट त्याच्यासमोर उभी राहिले.

"कधी चिडलेला मी तरी पाहिला नाही," नवराही म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण सगळे 'हो' म्हणत असताना तो मागे कसा राहणार.

आम्ही अशी एकेक फुलं वाहत होतो, आणि माणसाचा चेहरा उतरत चालला होता. मला कळेना. पोहे खारट झाले का? त्यानं कार्डावर एक शब्द लिहिला, पेनाला टोपण लावलं आणि उठला. "छान मुलगा आहे," तो म्हणाला. "आम्ही कळवू."

कळवू!

पोराच्या कानापर्यंत तो शब्द पोचला आणि त्यानं बाबांनी शिकवल्याप्रमाणे लांब श्वास घेतला. चेहऱ्यावर सुरकुती नाही. पण त्याच्या हातातला ट्रे थरथरत होता. त्या ट्रेकडे बघितलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पोहे खायचे, खांदे-मनगटं बघायची, आणि 'कळवू' म्हणून चालायला लागायचं! अमेरिकेतसुद्धा तेच! गेलं ते स्थळ तर गेलं, निदान खरं ऐकून तरी जा म्हणावं.

"थांबा!" मी ओरडले. "गरीब गाय कसली! हे बघा!" आणि खस्सकन कॅलेंडर ओढून काढलं.

भोकातून थोडी भुकटी खाली पडली. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"हे यानं केलं," मी म्हणाले. "जूनमध्ये. मार खाऊन आला आणि माझी भिंत फोडली. मग इथंच बसून रडला. त्याला काही फरक पडत नाही म्हणे! तुम्ही येणार म्हणून तीन दिवस याच्या पोटात धड अन्न गेलेलं नाही. काय लिहायचं ते लिहा."

माणूस भिंतीजवळ आला. त्यानं त्या भोकात स्वतःची मूठ घालून बघितली. मग पोराकडे वळून विचारलं, "कुठल्या हातानं?"

पोरगा लाल झाला. "डाव्या, सर."

"आणि चेंडू कुठल्या हातानं टाकतोस?"

"उजव्या."

त्या माणसाचं पोट आधी हललं, मग आवाज आला. तो इतका हसला की त्याला परत बसावं लागलं, आणि सोफा परत कण्हला. "दोन मॅच मी याचं तोंड बघतोय," तो म्हणाला. "दगड! मला वाटलं, या पोराला हरल्याचं काही वाटतच नाही. हात आहे, आग नाही. आणि तुम्ही सगळे मला तेच पटवून देत होता!"

करायला गेलो गणपती आणि होत होता मारुती. स्थळ जमावं म्हणून आम्ही जो गुण रंगवून रंगवून सांगत होतो, त्याच्यासाठीच तो पोराला नापास करून निघाला होता.

"एवढ्या रागातसुद्धा याला कुठला हात जपायचा ते कळतं," माणूस म्हणाला. त्यानं पेनाचं टोपण काढलं, कार्डावरचा तो एक शब्द खोडला आणि पुढं बरंच काही लिहिलं. जाताना बशीत उरलेले पोहेही संपवले, कांद्यासकट.

आठवड्याच्या आतच पोराला बोलावणं आलं. वरची पायरी, दुसरं गाव, आणि तासाभरात निघायचं. पोळ्या तव्यावर होत्या. मी सगळ्या फॉइलमध्ये गुंडाळल्या, वर लोणच्याची बरणी. बाबा त्याची बॅग भरताना मोज्यांच्या घड्या करत होते आणि नाक ओढत होते. दारातून वाकून बाहेर पडता पडता तो मागे फिरला.

"मॅम, ते कॅलेंडर नेऊ का? नव्या घरची भिंत कशी असेल माहीत नाही."

मी त्याला पाठीत एक धपाटा घातला आणि कॅलेंडर दिलं. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि मी आत येऊन ढसाढसा रडले. पुढं तो अजून एक पायरी चढला, मग खांदा दुखावला, मग घरी परतला. आता शाळेच्या पोरांना बेसबॉल शिकवतो आणि मका पेरतो. दिवाळीला फोन करून 'बाबा आहेत का' विचारतो.

पण मला सांगायची आहे ती त्या संध्याकाळची गोष्ट. नवरा भोक बुजवायला पुट्टीचा डबा घेऊन आला. घर रिकामं रिकामं झालं होतं. बाबा भिंतीसमोर उभे होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "नागपूरला मी तुला विचारलं होतं, राग येतो का."

"विचारलं होतंत. मी नाही म्हणाले होते."

"ऐकलं ना मी. पण तुझ्या हातातल्या ट्रेमध्ये बशा खडखडत होत्या."

मी गारच पडले. "मग होकार कसा दिलात?"

त्यांनी मुलाकडे बघितलं. तो डब्याचं झाकण उघडायची परवानगी मागावी तसा आमच्याकडे बघत उभा होता. "आमच्या घरात हा असा," बाबा म्हणाले. "त्याची आई तशीच होती. सगळे 'हो' म्हणणारे. म्हटलं, एक तरी भिंत फोडणारं माणूस आणावं."

क्षणभर मला भरून आलं. आणि पुढच्याच क्षणी आठवलं, की आठ वर्षं, तब्बल आठ वर्षं, या माणसासमोर मी प्रत्येक वेळी ओठ मिटून डबे आपटत बसले होते.

"मग हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?" मी किंचाळले. "आठ वर्षं! आठ वर्षं मी तुमच्यासमोर राग गिळतेय!"

बाबांनी शांतपणे मुलाच्या हातातला पुट्टीचा डबा काढून घेतला आणि भोकाशेजारच्या कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"मार," ते म्हणाले. "पण डाव्या हातानं. उजव्यानं पोळ्या लाटायच्यात."

रागात डोकं शाबूत ठेवणं ही त्या पोराची हुशारी, माझी नव्हे. दुसऱ्या दिवशी पोळ्या एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून विकत आणाव्या लागल्या.